टायरमधल्या हवेचा दिवा पुन्हा पुन्हा का लागतो? खान्देशातल्या गाडीवाल्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पारोळ्याला, धुळे-जळगाव महामार्गाच्या कडेला आमचं टायरचं दुकान आहे. पूर्वी गिऱ्हाईक यायचं ते जमिनीला टेकलेलं चाक घेऊन. आता चाक उभं असतं, गाडीही नीट चालत असते, पण माणूस काळजीत असतो. "भाऊ, हाऊ दिवा पुन्हा लागना!" (हा दिवा पुन्हा लागला!) दोन वेळा हवा भरलेली असते, एकदा शोरूमला जाऊन आलेला असतो, तरी आठ दिवसांनी तोच पिवळा दिवा डोळ्यांसमोर हजर. रोज तेच प्रश्न येतात, म्हणून उत्तरं एकदाच सविस्तर लिहून ठेवतो आहे.

हा दिवा नेमका कोणता? मला तर ते इंजिनचंच काहीतरी वाटलं.

पिवळ्या रंगाचं, घोड्याच्या नालेसारखं वरून उघडं चिन्ह, खालची कड दातेरी आणि मध्ये उद्गारचिन्ह. टायर आडवा कापला तर तो असा दिसतो. या यंत्रणेला टीपीएमएस म्हणतात, म्हणजे टायरमधल्या हवेच्या दाबावर लक्ष ठेवणारी व्यवस्था. इंजिनाशी तिचा काही संबंध नाही.

दिवा लागला की लगेच थांबायचं का?

आधी स्टिअरिंगकडे लक्ष द्या. गाडी एका बाजूला ओढत असेल, मागचा भाग हेलकावत असेल किंवा चाकाखालून थपथप आवाज येत असेल, तर वेग हळूहळू कमी करा आणि रस्त्याच्या कडेला, शक्यतो सपाट जागी थांबा. जोराचा ब्रेक मारू नका. उतरून चारही चाकं बघा. एखादं बसलेलं दिसलं तर तिथेच स्टेपनी लावा. "दोन किलोमीटरवर पंक्चरवाला आहे, तेवढं जातो" असं म्हणून नेलेला टायर आम्ही उघडतो, तेव्हा आतून रबराचा भुगा पडतो. काट्याचं पंक्चर निघालं असतं. रिमखाली चिरडलेली बाजू मात्र दुरुस्त होत नाही.

गाडी सरळ चालत असेल आणि चाकं बघून काही कळत नसेल, तर सावकाश पुढच्या पंपापर्यंत जा आणि हवा मोजा. नुसत्या डोळ्यांवर विसंबू नका. आजकालच्या रुंद टायरमध्ये सात-आठ पीएसआय (हवेचा दाब मोजायचं एकक) हवा कमी असली तरी वरून कळत नाही.

हवा भरली की दिवा जातो आणि चार-आठ दिवसांनी परत येतो. असं का?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, म्हणून इथे जरा वेळ देतो.

दिवा परत येतो याचा अर्थ बहुतेक वेळा एकच असतो: एका चाकातून हवा जाते आहे आणि तुम्ही ती दरवेळी पुरवता आहात. यंत्रणा खोटं बोलत नाही. पण ती उशिरा बोलते. बहुतेक गाड्यांत ठरलेल्या दाबापेक्षा वीस ते पंचवीस टक्के हवा कमी झाल्यावर दिवा लागतो. म्हणजे ३३ पीएसआय हवी असेल तर साधारण २५-२६ पर्यंत उतरेस्तोवर डॅशबोर्डवर काहीच दिसत नाही. तुम्ही ३३ भरता, दिवा जातो, गळती चालूच राहते, आणि आठवड्याने २५ झाली की दिवा पुन्हा लागतो. दिवा दिसत नाही त्या सात दिवसांतही टायर आजारीच असतो.

कोणतं चाक आणि किती वेगाने, हे शोधायला मशीन लागत नाही. एक वही आणि हवा मोजायचा स्वतःचा गेज लागतो. सकाळी गाडी चालू करण्याआधी, ऊन चाकांवर पडण्याआधी, चारही चाकांची हवा मोजा आणि तारीख टाकून लिहा. दुसऱ्या दिवशी पुन्हा, त्याच वेळेला, त्याच गेजने. सात दिवस मध्ये हवा भरायची नाही. मात्र एखादं चाक २६ च्या खाली गेलं तर थांबायचं, कारण मग उत्तर मिळालेलंच असतं. सातव्या दिवशी वही स्वतःच बोलते. चारही आकडे सारखेच खाली आले असतील तर गळती नाही, ते हवामान आहे किंवा हवा भरून बरेच दिवस झाले आहेत. तीन जागेवर आणि एकच उतरलं असेल तर चोर तिथे.

उतरण्याचा वेगही कामाचा. दिवसाला तीन-चार पीएसआय जात असेल तर मी आधी टायरच्या गोट्यांत, म्हणजे रस्त्याला टेकणाऱ्या भागात, खिळा किंवा काटा शोधतो. आठवड्याला एक-दोन जात असेल तर आधी व्हॉल्व्ह आणि रिमची कड बघतो. हा माझ्या हाताचा अंदाज आहे, पण तो क्वचितच चुकतो.

मोजताना एक काळजी घ्या. गाडी अशी उभी असेल की एका बाजूला सकाळचं ऊन आणि दुसऱ्या बाजूला भिंतीची सावली, तर उन्हातली चाकं दोन-तीन पीएसआय जास्त दाखवतील आणि तुम्ही सावलीतल्या निर्दोष चाकावर संशय घ्याल.

माझ्या गाडीत प्रत्येक चाकात सेन्सर आहे की नाही, हे कसं कळेल?

स्क्रीनवर चार चाकांचे चार वेगळे आकडे दिसत असतील तर प्रत्येक चाकात, व्हॉल्व्हच्या आतल्या टोकाला, छोटा सेन्सर बसवलेला आहे. तो दाब मोजतो आणि रेडिओ लहरींवरून गाडीला कळवतो.

आकडे दिसत नसतील, नुसता दिवा असेल आणि गाडीत कुठेतरी हवेचं रिसेट बटण किंवा मेनू असेल, तर बहुधा दुसऱ्या प्रकारची यंत्रणा आहे. तिला चाकातली हवा कळतच नाही. ती एबीएसच्या (ब्रेक मारताना चाक जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेच्या) सेन्सरकडून चाकाच्या फिरण्याचा वेग घेते. हवा कमी झालेलं चाक किंचित बसतं, त्याचा घेर लहान होतो, म्हणून तेवढ्याच अंतरात ते बाकीच्यांपेक्षा जास्त वेळा फिरतं. हा फरक पकडला की दिवा लावला. अक्कल चांगली आहे, पण तिला मर्यादा आहे: चारही चाकांतली हवा हळूहळू सारखीच उतरली तर तिच्या लक्षात यायला कठीण जातं. ज्यांच्याकडे ही यंत्रणा आहे त्यांनी दिव्याची वाट न बघता दर पंधरा दिवसांनी हवा मोजायलाच हवी.

काही गाड्यांत सेन्सर असूनही आकडे दिसत नाहीत, नुसता दिवा असतो. म्हणून शंका असेल तर गाडीसोबत मिळालेलं पुस्तक उघडा. ते ग्लोव्हबॉक्समध्ये प्लॅस्टिकच्या पिशवीत न उघडलेलं पडलेलं असतं.

रिसेट केलं की दिवा जातो, मग तेवढंच केलं तर?

कृपा करून करू नका. चाकाच्या वेगावर चालणाऱ्या यंत्रणेत रिसेट म्हणजे गाडीला सांगणं: "आत्ता जशी हवा आहे तशीच बरोबर समज." हवा २६ असताना रिसेट दाबलं तर ती २६ लाच योग्य मानते. मग दिवा लागायला ती आणखी बरीच खाली जावी लागते, तोवर टायर आतून तापून खराब होतो.

क्रम असा: थंड चाकांत हवा भरा, चारही पुन्हा मोजा, स्टेपनीही बघा, आणि मग रिसेट. त्यानंतर थोडं अंतर चालवल्यावर ती नवी हवा शिकून घेते. उलटी चूकही होते आणि ती आमच्याकडूनही झाली आहे. अमळनेरच्या एका सरांच्या गाडीत आम्ही चारही चाकांत हवा बरोबर केली, पण रिसेट करायचं राहिलं. दोन दिवसांत सर परत आले, दिवा चालूच. चाकं ठणठणीत होती. गाडी जुनीच मापं धरून बसली होती. तेव्हापासून हवा भरल्यावर रिसेट झालं का, हे चावी हातात देण्याआधी विचारायचं असा नियम केला.

थंडीत पहाटेच दिवा लागतो आणि दहा वाजता आपोआप जातो. यंत्रणा बिघडली का?

नाही. हा खान्देशचा खास आजार आहे, आणि तो समजून घेण्यासारखा आहे.

आपल्याकडे दिवसा-रात्रीच्या आणि ऋतूऋतूंच्या तापमानात मोठी दरी असते. मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा ४५ च्या वर जातो, आणि डिसेंबर-जानेवारीत धुळ्याची पहाट एक आकडी अंशांवर येते. हवा थंड झाली की तिचा दाब उतरतो. ढोबळ हिशोब असा की तापमान साडेपाच अंश सेल्सिअसने घटलं की टायरमधला दाब साधारण एक पीएसआय घटतो.

समजा तुम्ही दसऱ्याच्या सुमारास दुपारी, ३५ अंशांत, ३३ पीएसआय हवा भरली. मार्गशीर्षात सारंगखेड्याच्या यात्रेला पहाटे निघालात तेव्हा बाहेर ८ अंश आहे. नुसत्या थंडीने ती ३३ ची हवा जवळपास २९ झाली. शिवाय चांगल्या टायरमधूनही महिन्याला एक-दोन पीएसआय हवा रबरातून झिरपतेच. दोन-अडीच महिन्यांत तेही धरा. आता आकडा २५-२६ च्या आसपास आला आणि दिवा लागला. तासभर चालवल्यावर टायर गरम झाला, दाब वर आला, दिवा गेला.

दिवा गेला म्हणून विषय संपत नाही. थंड टायरची हवा खरंच कमी आहे. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर सकाळी ठरलेला आकडा भरा. दिवाळीनंतर पहिली कडक थंडी पडली की एकदा, आणि होळीनंतर ऊन वाढलं की एकदा, एवढं केलं तरी निम्म्या लोकांचा दिवा परत येणार नाही.

उन्हाळ्यात टायर फुटेल म्हणून हवा कमीच ठेवावी, असं सगळे सांगतात.

ही समजूत माणसांच्या जिवावर उठते, म्हणून मी ती खोडायला कधी कंटाळत नाही. टायर बाहेरच्या उन्हाने फार तापत नाही, तो तापतो वाकण्या-सरळ होण्याने. हवा कमी असली की बाजूची भिंत प्रत्येक फेऱ्याला जास्त दुमडते, आत उष्णता साठते, थर सुटतात, आणि भर वेगात टायर फुटतो. वरून गाडीत सात माणसं आणि डिक्कीत सामान असेल तर विचारायलाच नको.

आता उलट बाजू बघा. सकाळी ३० अंशांत ३३ भरलेला टायर दुपारी महामार्गावर पळून ६५ अंशांपर्यंत तापला तर दाब ३८ च्या वर दिसतो. हे अपेक्षित आहे; टायर बनवणाऱ्यांनी ते गृहीत धरूनच थंड टायरचा आकडा दिलेला असतो. पण कुणीतरी घाबरून, तापलेल्या टायरमधून हवा सोडतं आणि पुन्हा ३३ करतं. दुसऱ्या दिवशी सकाळी तोच टायर २८ वर असतो. मग दिवा लागतो, आणि दोष टायरच्या कंपनीवर येतो. तापलेल्या टायरची हवा कधीही सोडू नका.

मग हवा भरायची तरी किती?

चालकाचं दार उघडा. दाराच्या चौकटीवर, काही गाड्यांत पेट्रोलच्या झाकणाच्या आत, एक स्टिकर असतो. पुढची चाकं, मागची चाकं, कमी वजन, पूर्ण वजन असे आकडे त्यावर असतात. तोच आकडा खरा. टायरच्या भिंतीवर छापलेला मोठा आकडा म्हणजे त्या टायरची कमाल मर्यादा, भरायची हवा नव्हे.

सप्तशृंगी गडावर सगळं घरदार घेऊन जायचं असेल तर स्टिकरवरचा पूर्ण वजनाचा आकडा भरा, परत आल्यावर थंड टायरवर नेहमीचा करा. स्टिकरवर कधी बार असतं, कधी केपीए. १ बार म्हणजे साडेचौदा पीएसआय, आणि २.३ बार म्हणजे साधारण ३३.

आकडे थंड टायरचे असतात: गाडी किमान तीन तास उभी, किंवा फार तर दीड-दोन किलोमीटर चाललेली. तीस किलोमीटर पळून पंपावर आलात तर थोडी जास्त हवा भरून घ्या आणि सकाळी स्वतःच्या गेजने जुळवा.

पंपावरचं मशीन ३३ म्हणतं, गाडीची स्क्रीन ३०. कोण खरं?

दोघंही थोडे चुकत असतील. पंपावरची मशीनं दिवसभर धुळीत, उन्हात राबतात, पाइप आपटले जातात. स्क्रीनवरचा आकडाही पूर्णांकात असतो आणि काही क्षण जुना असू शकतो. म्हणून स्वतःचा एक बरा गेज गाडीत ठेवा आणि कायम तोच वापरा. तो एक पीएसआय चुकत असला तरी दरवेळी तेवढाच चुकेल, आणि गळती शोधायला तेवढं पुरतं. आणि हो, पेट्रोल पंपावर हवा फुकट मिळायला हवी. कुणी पैसे मागितले तर नम्रपणे पण ठामपणे विचारा.

पंक्चरवाल्याने दोनदा पाहिलं, खिळा नाही म्हणतो. तरी तेच चाक उतरतं.

खिळा नसेल, काटा असेल.

आपल्याकडे शेताच्या बांधाला, नाल्याच्या कडेला बाभूळ आहेच. तिचा काटा टायरच्या रबरात सरळ आत जातो. बाहेरचं टोक रस्त्यावर घासून टायरच्या पातळीला येतं आणि काळ्या रबरात काळपट ठिपका होऊन लपतं. काटा स्वतःच बुचासारखा बसलेला असतो, म्हणून उभ्या गाडीत हवा जवळपास जात नाही. तो भाग रस्त्यावर दाबला गेला की थोडीशी निसटते. असं चाक पाण्यात नुसतं बुडवून एक फेरा दिला तर काही दिसत नाही.

चोपड्याकडचे एक केळीवाले भाऊ तिसऱ्यांदा आले तेव्हा आम्ही चाक काढलं, ३३ ऐवजी ४० पर्यंत हवा भरली, टाकीत ठेवलं आणि अगदी हळू फिरवलं. प्रत्येक वीतभर फिरवून थांबायचं, हाताने दाबायचं, बघायचं. पाऊण फेरा झाल्यावर मोहरीएवढा एक बुडबुडा. मग थांबला. पुन्हा दाबलं, पुन्हा एक. तिथे खडूने खूण केली, टायर रिमवरून उतरवला आणि आतून बोट फिरवलं तेव्हा काट्याचं टोक हाताला लागलं. ते टोक पकडीने आतून ओढलं, मशरूम पॅच (आतून लावायचं, देठ असलेलं ठिगळ) लावला. त्यानंतर त्यांच्या वहीत तो आकडा महिनाभर फारसा हलला नाही.

कापूस निघाल्यावर शेतातून गाडी नेणाऱ्यांनी आणखी एक लक्षात ठेवावं. पऱ्हाटी तिरकी छाटलेली असली की तिचा खुंट भाल्यासारखा असतो, आणि तो गोट्यांत न लागता बाजूच्या भिंतीत लागतो. भिंतीतलं पंक्चर आम्ही काढत नाही आणि तुम्हीही कुणाला काढू देऊ नका. तो टायर बदलायचाच.

जुन्या पंक्चरचीही चौकशी करा. बाहेरून घातलेली रबरी स्ट्रिप वेळ भागवायला ठीक, पण वर्ष-दोन वर्षांत ती सुकते, आखडते, आणि गळती नेमकी तिच्याच कडेने सुरू होते. दिवा परत परत येणाऱ्या गाड्यांत मला हे खूपदा सापडलं आहे.

टायर उघडून पाहिला, काटाही नाही. आता?

मग टायर सोडा आणि दोन जागा बघा.

पहिली, व्हॉल्व्ह. टोपी काढून तोंडावर बोटाने थोडं साबणाचं पाणी लावा. फुगा आला की आतली पिन सैल आहे किंवा तिचं रबर गेलं आहे. पिन किरकोळ किमतीत मिळते आणि दोन मिनिटांत बदलते. मग व्हॉल्व्ह बुडाशी हलकेच वाकवून तिथेही साबण लावा. आपल्या उन्हात रबरी व्हॉल्व्हला बुडाजवळ बारीक भेगा पडतात, सरळ उभा असताना त्या मिटलेल्या असतात. टायर नवा घेताना जुना रबरी व्हॉल्व्ह तसाच ठेवणं ही खोटी काटकसर आहे.

सेन्सरवाल्या चाकात धातूचा व्हॉल्व्ह असेल तर एक जपायला हवं. त्यात निकेलचा मुलामा असलेलीच पिन टाकायची. साधी पितळी पिन अ‍ॅल्युमिनियममध्ये गंजून चिकटते, आणि पुढच्या वेळी ती काढताना सगळा व्हॉल्व्हच तुटतो. पितळी टोपीचंही तेच. प्लॅस्टिकची टोपी लावा.

दुसरी जागा, रिमची कड. टायर जिथे रिमला चिकटून बसतो तिथे चिखल, धूळ, गंज साठला की हवा सगळ्या गोलाईतून थोडी थोडी निसटते. लोखंडी रिमला गंज चढतो, अलॉयला पांढरा बुरशीसारखा थर येतो. टायर उतरवून ती कड तारेच्या ब्रशने स्वच्छ करायची, सीलर लावायचं, पुन्हा बसवायचं. खड्ड्यात चाक जोरात आपटलं असेल तर रिम बॅलन्सिंगच्या मशीनवर फिरवून बघा, वाकडी असेल तर लगेच दिसते. अलॉयला केसासारखी चीर गेली असेल तर ती बहुतेक आतल्या बाजूला असते. वेल्डिंग करून चालवा असं मी कुणाला सांगत नाही.

गाडी सुरू केली की दिवा मिनिटभर लुकलुकतो आणि मग स्थिर होतो.

ही वेगळी भाषा आहे. सरळ लागलेला दिवा म्हणजे हवा कमी. साधारण मिनिट-दीड मिनिट लुकलुकून मग स्थिर झालेला दिवा म्हणजे यंत्रणेतच बिघाड: एखाद्या सेन्सरचा आवाज गाडीला ऐकू येत नाही. हवा कितीही भरली तरी हा दिवा जाणार नाही.

गाडी पाच ते दहा वर्षांची असेल तर पहिला संशय सेन्सरच्या बॅटरीवर. ती सेन्सरच्या आत बंदिस्त असते, वेगळी बदलता येत नाही, आख्खा सेन्सर बदलावा लागतो. थकलेली बॅटरी आधी थंडीच्या सकाळी दगा देते आणि उन्हं वर आली की पुन्हा चालते, म्हणून लोकांना वाटतं दिवा मनाला येईल तसा लागतो. एक सेन्सर गेला की बाकीचे त्याच वयाचे असतात. एवीतेवी नवे टायर घेणार असाल तर त्याच वेळी चौघांचा विचार करा, म्हणजे टायर उतरवण्याचं काम दुप्पट होणार नाही.

सेन्सर बदलण्याआधी एक फुकटचा प्रयोग करा. स्वस्तातला डॅशकॅम, मोबाइलचा चार्जर, बाहेरून लावलेले एलईडी दिवे, सगळं काढून दोन दिवस गाडी चालवा. अशी उपकरणं कधी कधी सेन्सरच्या लहरींत गोंधळ करतात. दिवा गेला तर तुमचे पैसे वाचले.

साध्या पंक्चरवाल्याकडे सेन्सरचं चाक द्यावं का?

द्यायला हरकत नाही, पण तोंड उघडून सांगा: "दादा, आत सेन्सर आहे." हे एक वाक्य हजारो रुपये वाचवतं. टायर सोडवणाऱ्या मशीनचा दाब व्हॉल्व्हच्या जवळ दिला किंवा टॉमी (टायर उचकटायची लोखंडी पट्टी) तिथेच घातली तर सेन्सर फुटतो. व्हॉल्व्हपासून लांबच्या बाजूने सुरुवात करायची, बास.

टायर पुढचे मागे केले, आता स्क्रीन भलत्याच चाकावर बोट ठेवते.

सेन्सर चाकाबरोबर गेला, गाडीला ते कळलं नाही. काही गाड्या थोडं चालवल्यावर स्वतः ओळखतात, काहींना मशीनवर पुन्हा शिकवावं लागतं. टायर फिरवल्यावर हे विचारून घ्या, नाहीतर डाव्या चाकाची हवा भरत बसाल आणि गळेल उजवं.

स्टेपनी लावल्यावर दिवा लागला.

स्टेपनीत सेन्सर नसेल तर लागणारच. बारीक स्टेपनी असेल तर तिचा घेर वेगळा, म्हणून दुसऱ्या प्रकारची यंत्रणाही गोंधळते. मूळ चाक बसवलं की जातो. उलटंही घडतं: काही गाड्यांत स्टेपनीतही सेन्सर असतो, चार चाकं उत्तम आणि दिवा मात्र डिक्कीतल्या पाचव्या चाकामुळे.

नवी गाडी घेतलेल्यांसाठी: ट्यूबलेस टायर, दुरुस्तीचं किट आणि टीपीएमएस असेल तर प्रवासी गाडीला स्टेपनी न देण्याची मुभा २०२० च्या नियमबदलाने मिळाली. अशा गाडीत हा दिवा म्हणजे तुमचा एकमेव पहारेकरी. त्याला जपा.

नायट्रोजन भरला तर दिवा लागणार नाही ना?

गळती असेल तर नायट्रोजनही गळेल. साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजन असतोच. थोडा हळू झिरपतो, कोरडा असतो, एवढंच. फुकट मिळाला तर घ्या, त्याच्यासाठी वीस किलोमीटर जाऊ नका.

टायरमध्ये जेल टाकून घेऊ का? काट्यांची कटकटच नको.

सेन्सर नसलेल्या गाडीत, रोज शेतात जाणाऱ्याने टाकलं तर मी समजू शकतो. सेन्सरच्या चाकात नको. काही द्रव्यं सेन्सरच्या बारीक छिद्रात बसतात आणि तो आंधळा होतो. आणीबाणीत किट वापरावंच लागलं तर नंतर टायर उतरवून आतून धुऊन घ्या, आणि पंक्चर नीट काढा.

गाडी जुनी आहे, टीपीएमएस नाही. टोपीच्या जागी लावायचे बाहेरचे सेन्सर कसे?

नसण्यापेक्षा बरे. पण ते जड असतात, म्हणून रबरी व्हॉल्व्हवर लावल्यास वेगात व्हॉल्व्ह बुडाशी वाकतो. शक्यतो धातूचा आखूड व्हॉल्व्ह घालून मगच लावा, आणि दोन-तीन महिन्यांनी काढून व्हॉल्व्हचे आटे साफ करा, नाहीतर धुळीने जाम होतात.

तोरणमाळला हवा भरली आणि खाली शहाद्याला आलो तर कमी दाखवते. कुणी चोरली?

कुणी नाही. तोरणमाळ हजार मीटरहून उंच आहे, तिथे बाहेरच्या हवेचा दाब कमी. वर भरलेली ३३ खाली उतरल्यावर गेजवर दीडेक पीएसआयने कमी दिसते. आधीच काठावर असेल तर दिवा लागतो. खाली येऊन थंड टायरवर पुन्हा जुळवा.

दिव्याची तार काढून टाकता येईल का? रोजची कटकट.

आम्ही काढत नाही. कन्नडचा घाट उतरताना, मागे पोरं झोपलेली असताना, चाकातली हवा उतरते आहे हे तुम्हाला सांगणारं गाडीत दुसरं काही नाही.

दुकानात येताना काय सांगावं, म्हणजे लवकर निदान होईल?

दिवा सरळ लागतो की आधी लुकलुकतो. सकाळी लागतो की कधीही. हवा शेवटची कधी आणि किती भरली. या टायरमध्ये आधी किती पंक्चर आहेत. अलीकडे खड्ड्यात आपटलात का, शेतात गेलात का. टायरच्या भिंतीवरचा चार आकड्यांचा शिक्काही वाचून या: २३१९ असेल तर तो २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला आहे, आणि त्या वयाच्या टायरला मी पॅच लावण्याआधी दोनदा विचार करतो.

आणि सात दिवसांची वही असेल तर ती आधी द्या. ती घेऊन आलेल्या गाडीचं मी एकच चाक काढतो.